फिल्टरवरची दुसरी रिंग

बयूमी हा तांता शहरातल्या गॅरेजगल्लीतला उस्ता, म्हणजे मुरलेला मेकॅनिक, आणि त्याच्या बोटांबद्दल तिथे बऱ्याच बाता चालत. म्हणे, डोळ्यांवर फडकं बांधलं तरी तो नुसतं बोट फिरवून सांगेल, नट किती आट्यांनी ढिला आहे. या बाता बयूमीनेच पसरवल्या होत्या, पण त्यांत तथ्यही होतं. निदान चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत होतं. मग साखरेच्या आजाराने बोटांची टोकं बधिर होत गेली, आणि एरवी तोंडाला कुलूप नसलेल्या या माणसाने ही गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नाही.

मुलीने, रबाबने, नवी कोरी गाडी घेतली तेव्हा एजन्सीने बजावलं होतं, की पहिली दहा हजार किलोमीटर ऑइल बदलायचं नाही आणि बाहेरच्या माणसाला बॉनेटखाली हात घालू द्यायचा नाही. बयूमी हसला. गल्लीचा शिरस्ता असा, की हजार किलोमीटर झाले की कारखान्याचं ऑइल काढून टाकायचं. त्यात लोखंडाचा कीस असतो. "तान्ह्या पोराचं जावळ काढतात ना? तसंच हे," असं म्हणून एका शुक्रवारी त्याने स्वतः गाडी आपल्या गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली. ऑइल बदललं, फिल्टर बदलला आणि एजन्सीला मनसोक्त शिव्या घातल्या.

महिन्याभराने रबाब गाडी एजन्सीत पहिल्या तपासणीला घेऊन गेली. तपासणी सबरीने केली. हा सबरी वीस वर्षं बयूमीच्या हाताखाली राबलेला. दोन वर्षांपूर्वी पक्क्या नोकरीसाठी तो एजन्सीत गेला, तेव्हापासून बयूमीने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तपासणीच्या कागदावर त्याने सही केली, सगळं ठीक म्हणून. तीन आठवड्यांनी रबाबच्या दारातल्या फरशीवर काळे थेंब दिसायला लागले.

"चार महिन्यांची गाडी आणि ऑइल गळतंय!" बयूमी चहाच्या दुकानात सगळ्यांदेखत गरजला. "हे त्या सबरीचं काम. माझ्यावरचा राग माझ्या पोरीच्या गाडीवर काढला हलकटाने!"

"अहो उस्ता, पण त्याने ऑइलला हात तरी लावला का?"

"मग काय मी लावला?"

लावला होता, आणि त्यानेच लावला होता. पण आपला हात चुकेल हे त्याच्या मनात येणंच शक्य नव्हतं. माणूस वाईट नव्हता, पण नाव मोठं झालं की माणसाला आपल्या पायाखालचं दिसत नाही.

गल्लीतले तंटे कोर्टात जात नाहीत. स्पेअर पार्टवाले हाज्जी मुतवल्ली बैठक घेतात. ज्याची चूक ठरेल त्याने सगळ्यांसमोर दुसऱ्याच्या डोक्याचं चुंबन घ्यायचं आणि म्हणायचं, "तुमचा हक्क माझ्या माथी." एकदा असं माथी घेतलं की मिटलं, पुन्हा कुणी विषय काढायचा नाही. बयूमीने बैठक मागितली. गुरुवार ठरला, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर.

गुरुवारी सकाळी रबाब गाडी घेऊन गॅरेजात हजर.

"बाबा, एखाद्याला चारचौघांत उभं करायच्या आधी एकदा बघा तरी."

"बघायचंय काय त्यात? त्याचा हात मी ओळखतो."

"रोज ऑइल मोजायची पट्टी काढून बघतेय, ऑइल खाली चाललंय. उद्या इंजिन जाम झालं तर तुमची बैठक नवं बसवून देणार आहे का?"

बयूमी कुरकुरत खड्ड्यात उतरला. इंजिनाचा सगळा तळ ऑइलने माखलेला. धावत्या गाडीत वारा ऑइल कुठल्या कुठे नेतो, त्यामुळे जिथे थेंब पडतो तिथे गळती असतेच असं नाही. त्याने पेट्रोलच्या फडक्याने तळ पुसला, सुकू दिला, रबाबच्या पिशवीतून तिच्या बाळाची पावडर मागून घेतली आणि सगळीकडे भुरभुरली. मग म्हणाला, "चालू कर, आणि चालूच ठेव."

पाव तास तो हातातल्या बॅटरीचा उजेड रोखून बघत राहिला. गिअरबॉक्सच्या जोडापाशी त्याला ऑइल हवं होतं. तिथलं सील गेलं असतं तर खापर कारखान्यावर फोडता आलं असतं. तिथली पावडर पांढरीच राहिली. ऑइल काढायच्या बोल्टाशी पांढरीच. फिल्टरच्या कडेने मात्र एक काळी रेघ हळूहळू खाली आली.

इंजिन बंद करून त्याने फिल्टर काढला. फिल्टरच्या तोंडाशी त्याची स्वतःची रबरी रिंग होती. बॅटरी वर धरली, तर इंजिनाला चिकटून आणखी एक रिंग. कारखान्याची. अर्धी चेपलेली, एका बाजूने बाहेर आलेली. त्या शुक्रवारी जुना फिल्टर निघाला पण रिंग वरच राहिली, आणि बयूमीने तिच्यावरच नवा फिल्टर आवळला. रिंगेवर रिंग कशीबशी काही आठवडे टिकते, मग सरकते. फिल्टर काढला की त्याच्या जागेवर आधी बोट फिरवायचं, हे त्याने अख्ख्या गल्लीला शिकवलं होतं. त्या दिवशीही त्याने फिरवलं होतं. बोटाला काही कळलं नव्हतं, एवढंच.

पुढचं काम दहा मिनिटांचं. जुनी रिंग सोलून काढली, जागा पुसली, आज डोळ्यांनी बघितली. फिल्टर हाताने आवळला, ऑइल भरलं, पुन्हा पावडर टाकून इंजिन चालवलं. पांढरं ते पांढरंच राहिलं. जुनी रिंग त्याने खिशात टाकली.

"काय होतं, बाबा?" रबाब खड्ड्याच्या काठावरून त्याच्या खिशाकडे बघत होती.

"फिल्टर जरा ढिला होता."

"कुणी ठेवला ढिला?"

बयूमी हात पुसत राहिला. ती गाडी घेऊन गेली.

बैठकीत सगळं सांगायचं हे त्याने ठरवलं होतं. खोटं कशाला बोला, खरंच ठरवलं होतं. हाज्जींच्या दुकानासमोर खुर्च्या मांडल्या होत्या, पंधरावीस माणसं जमली होती, एजन्सीतलेही दोघं होते. सबरी कामावरून तसाच, कंपनीच्या राखाडी कपड्यांत आला.

"बोल बयूमी," हाज्जी म्हणाले.

बयूमी उठला. खिशात हात घातला. "आज सकाळी मी गाडी..." समोर सगळी गल्ली होती. याच लोकांनी त्याच्या बोटांच्या बाता गावभर नेल्या होत्या.

तेवढ्यात सबरी उभा राहिला. "हाज्जी, उस्तांना बोलायला लावू नका. चूक माझी आहे." तो पुढे आला, त्याने म्हाताऱ्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमचा हक्क माझ्या माथी, उस्ता."

चुंबन घेताना त्याचं तोंड बयूमीच्या कानाशी आलं. "फिल्टर उघडून बघा, दोन रिंगा असतील. मी होतो तोवर तुमच्या मागून मी बोट फिरवायचो. डॉक्टरला दाखवा आता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरबताचे पेले फिरले. "शाब्बास! चूक कबूल करायला मोठं मन लागतं," हाज्जी म्हणाले. अजूनही वेळ गेली नव्हती. 'चूक माझी आहे' हे तीनच शब्द लागत होते. बयूमीने सरबत घेतलं आणि ते संपवलं.

शनिवारी बैठकीची बातमी एजन्सीच्या मॅनेजरपर्यंत पोचली. ज्या तपासणीवर सही केली त्यातच हलगर्जी केल्याचं भर बाजारात कबूल करणारा माणूस त्यांना नको होता. दुपारी सबरी डबा घेऊन घरी गेला. चहाच्या दुकानात कुणीतरी बयूमीच्या पाठीवर थाप मारली, "उस्ता, मिळाला ना न्याय!" बयूमी हसला. त्या हसण्याची त्याला स्वतःलाच किळस आली.

दोन महिन्यांनी गल्लीच्या पार टोकाला सबरीने एक शटर भाड्याने घेतलं. पहिल्याच आठवड्यात त्याच्या खड्ड्यावर रबाबची गाडी उभी होती. बयूमी तरातरा चालत तिथे गेला. सबरीने त्याला सलाम केला आणि मान खाली घालून कामाला लागला.

"स्वतःच्या बापाचं गॅरेज सोडून तू इथे?" बयूमी लेकीवर ओरडला. "लोक काय म्हणतील?"

"खिशातली रिंग अजून तिथेच आहे ना, बाबा?" रबाब हळूच म्हणाली.

बयूमीने खिशात हात घातला, चाचपला. बोटांना काहीच लागलं नाही. शेवटी खिसा उलटा करून बघावा लागला, तेव्हा रिंग त्याच्या पायाशी पडली.