आधी आभार, मग तोडी

कलकत्त्यात गाण्याची संमेलनं रात्रभर चालतात आणि तिकीट काढून ऐकावी लागतात. आमच्या भवानीपूरच्या गल्लीतलं संमेलन सकाळी असतं, फुकट असतं, आणि ते माझ्या भावाने सुरू केलं आहे. यातली शेवटची गोष्ट मी जरा मोठ्याने सांगते, अशी माझ्या शाळेतल्या बायकांची तक्रार आहे. सांगते तर सांगते.

माझा भाऊ भालचंद्र सरोद वाजवतो. आमचे वडील नोकरीसाठी नागपूरहून इकडे आले आणि आम्ही दोघं इथेच जन्मलो. तो आता मुंबईला असतो, परदेशी जातो, इथल्या एस्प्लनेडच्या दुकानात त्याच्या तबकड्या काचेमागे मांडलेल्या असतात. तिथून जाताना मी उगाचच थांबते. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते आणि एरवी उगाच काहीही करत नाही.

भालूला शिकवलं ते ननीबाबूंनी. ननीबाबू खिदिरपूरच्या गोदीत कारकून होते. संध्याकाळी घरी आले की तळमजल्यावरच्या खोलीत गल्लीतल्या पोरांना घेऊन बसायचे. फी नाही, कोण कुठला अशी चौकशी नाही. आमचं बिऱ्हाड बरोबर समोर. भालू घरात फार धुडगूस घालतो म्हणून आईने त्याला तिकडे पाठवलं होतं, संगीताबिंगीताचा विचार करून नव्हे. पण पाठवलं, हे महत्त्वाचं.

भालूचं नाव झालं तेव्हा त्याने ठरवलं की दर जानेवारीत इथे यायचं, बरोबर एक-दोन नावाजलेले कलावंत आणायचे, कोणी बिदागी घ्यायची नाही आणि लोक आपखुशीने जे देतील त्यातून ननीबाबूंचा वर्ग चालवायचा. आज त्या वर्गात इस्त्रीवाल्याची मुलगी सरोद शिकते आणि तिच्या शेजारी बसून एका बॅरिस्टरची नात. वाद्यं वर्गाची, शिकवायला दोन पगारी माणसं. नक्षलवादी चळवळीत गल्लीत बॉम्ब फुटत होते त्या वर्षांतही आमचं संमेलन चुकलं नाही. अंधार पडला की कोणी दार उघडेना, म्हणून ते रात्रीचं सकाळी आणलं आणि मग तिथेच राहिलं. मांडव आणि खिचुरी, म्हणजे बंगाली खिचडी, गल्लीतल्या क्लबच्या मुलांकडे. पोहे आणि बाकीची व्यवस्था आमच्या मराठी मंडळाकडे.

ही बाकीची व्यवस्था म्हणजे सत्कार. मराठी माणूस चार लोक जमले की कोणाच्या तरी खांद्यावर शाल घालतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मनोगत, मग अध्यक्षांचं भाषण आणि सगळ्यात शेवटी आभारप्रदर्शन. आभार माझ्याकडे असतात, कारण मी थोडक्यात आटपते. भाषणं करण्यात बंगाली लोकही काही कमी नाहीत, पण आमच्या या उतरंडीपुढे तेही हात टेकतात. त्या वर्षी, म्हणजे त्र्याहत्तर साली, मंडळाचे अध्यक्ष होते मनोहरराव. बँकेतले मोठे अधिकारी, बदलीवर आलेले, स्वभावाने अगदी सज्जन. पण त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात कायम एक भाषण असायचं.

आणि नेमकं त्याच वर्षी वेळ वाया घालवणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

झालं होतं असं, की दुर्गापूजेच्या आधी ननीबाबूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. नुसते घशातून आवाज यायचे. त्यांनी भालूला मैफिलीत कधी समोर बसून ऐकलेलं नव्हतं. "मी समोर बसलो तर तो माझ्याकडेच बघत बसेल," असं म्हणून ते दर वर्षी मांडवामागे खिचुरीच्या टोपापाशी उभे राहायचे. पण या वर्षी भालू आला, पाया पडला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने आधी सरोदकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे, मग खिडकीतून दिसणाऱ्या मांडवाकडे. दोनदा दाखवलं. त्यांना समोर बसून ऐकायचं होतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली ती नाखुशीनेच. "थोडा वेळ. मान कलायला लागली की लगेच घरी न्यायचं. तेव्हा कोणाचं काही ऐकायचं नाही," असं त्यांनी मला बजावलं. भालू रात्री जेवला नाही. मला म्हणाला, "ताई, ते समोर असताना पाच मिनिटं जरी वाजवता आलं ना, तरी पुरे. पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं?"

सकाळी क्लबच्या मुलांनी ननीबाबूंना वेताच्या खुर्चीसकट उचलून आणलं आणि अगदी पुढे ठेवलं. अंगावर पांढरी शाल, डोक्याला माकडटोपी. मांडव गच्च भरला होता. बॅरिस्टर, मासळीवाल्या, माझ्या शाळेतल्या मुली, सगळे एकाच सतरंजीवर. वर्गातली पोरं पहिल्या रांगेत मांड्या घालून बसली होती. भालू मंचावर सरोद लावून तयार होता. हे सगळं आमच्या गल्लीत, आमच्या माणसाने उभं केलेलं! माझी छाती इतकी फुगली की पदर सारखा करावा लागला.

आणि मग कार्यक्रम सुरू झाला, म्हणजे कार्यक्रम सोडून बाकी सगळं सुरू झालं. समईची वात पेटेना. स्वागतगीताचं कडवं विसरलं म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून झालं. प्रास्ताविक करणाऱ्या गृहस्थांनी मंडळाच्या स्थापनेपासून सुरुवात केली. परिचय करून देणाऱ्याने भालूचा परिचय भालूच्याच गल्लीला करून दिला. मी मनोहररावांच्या कानाशी लागून म्हटलं, "जरा आवरतं घ्या. ननीबाबूंना फार वेळ बसवत नाही."

"हो हो, कालिंदीताई, घेऊच," ते म्हणाले, "पण सत्कार विधिपूर्वक झाला पाहिजे. एवढा मोठा कलावंत आपला!"

आपला म्हणताना त्यांचा आवाज भरून आला होता. अभिमान त्यांनाही होता, तेच तर अवघड होतं. वाईट माणसाला गप्प करणं सोपं असतं.

भालूच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. त्या नारळामुळे त्याला सरोदला हातही लावता येईना. सत्कारमूर्तीने मध्येच उठून काही बोलायचं नसतं, म्हणून तो बसून राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी ननीबाबूंकडे बघत होते. त्यांची मान उजवीकडे झुकली. त्यांनी ती सावरली. पुन्हा झुकली. डॉक्टर मागे उभे होते ते खुर्चीच्या दिशेने निघाले. आणि मनोहररावांनी घसा साफ करून आतल्या खिशात हात घातला.

माझं डोकं फिरलं. मी उठले, तरातरा मंचावर गेले आणि माइक हातात घेतला.

"आता मी आभारप्रदर्शन करते," मी म्हटलं.

मांडवातल्या मराठी रांगांत एकदम सामसूम झाली. आभार झाले की सभा संपते, त्यानंतर कोणी बोलत नाही, हा आमचा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडताना मी अजून कोणाला पाहिलेलं नाही. मनोहरराव अर्धवट उठलेले तसेच राहिले.

"अध्यक्ष मनोहरराव यांनी आत्ता जे समयोचित आणि अभ्यासपूर्ण भाषण केलं, त्याबद्दल मी त्यांची अत्यंत आभारी आहे," मी म्हटलं. त्यांचं भाषण अजून खिशातून बाहेर यायचं होतं. "क्लबच्या मुलांचे आभार, पोहे करणाऱ्यांचे आभार, तुम्हा सगळ्यांचे आभार. सभा संपली." मग तेच बंगालीत एका दमात सांगितलं आणि भालूच्या हातातला नारळ काढून घेतला.

सवयीने टाळ्या पडल्या. मनोहररावांनी स्वतःही दोन वाजवल्या, मग काय झालं ते लक्षात येऊन मटकन खाली बसले.

भालूने शाल बाजूला टाकली आणि तोडी सुरू केली. प्रस्तावना नाही, काही नाही. पहिला स्वर लागला आणि ननीबाबूंची मान हळूहळू सरळ झाली. डॉक्टर दोन पावलं अलीकडेच थांबले. मी मंचाच्या पायरीवर नारळ घेऊन बसले होते, मला उठून खाली जायचंही सुचेना. माझा भाऊ वाजवत होता. सकाळच्या त्या उन्हात, आमच्या घरासमोर, इतकं सुंदर. सगळी गल्ली चिडीचूप बसून ऐकत होती.

तो गंधारावर आला. तोडीतला गंधार फार खालचा, फार नाजूक. सरोदला पडदे नसतात, बोट जिथे थांबेल तिथे सूर. तो थांबला, आणि लोकांनी वाहवा केली.

"आबार."

आवाज घोगरा, ओबडधोबड होता. कोणाला कळेना कोण बोललं. पहिल्या रांगेतली पोरं मात्र एका झटक्यात ताठ बसली. बंगालीत आबार म्हणजे पुन्हा, आणि ते म्हणण्याचा हा सूर त्यांना वर्गातून ठाऊक होता. ननीबाबूंचा डावा हात वर उठलेला होता. चार महिन्यांत त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

मनोहरराव माझ्याकडे वाकले. चेहरा लाल झाला होता. "अहो, भर सभेत? एवढ्या मोठ्या कलावंताला चूक दाखवतात?"

"दाखवतात," मी म्हटलं. माझे डोळे भरले होते आणि मी हसत होते. "दाखवू द्या."

भालूने मान खाली घातली आणि तो गंधार पुन्हा लावला.

"आबार."

दिल्लीत ज्याच्यासाठी लोक उभे राहतात तो माझा भाऊ घामाने निथळत होता. त्याने डोळे मिटले. बोट तारेवर केसाएवढं खाली आलं, आणि तिथे जे काही होतं ते मला गणितात सांगता येणार नाही. मला सुरांतलं फारसं कळत नाही, तरी ते मलासुद्धा कळलं.

ननीबाबूंचा वर उठलेला हात खाली आला. त्यांचे ओठ वेडेवाकडे हलत राहिले, शब्द जुळवायला त्यांना फार कष्ट पडत होते. भालू तार दाबून तसाच थांबला होता. पुढे जायची त्याची हिंमत नव्हती, आणि त्याला थांबलेलं पाहून मला त्याचा इतका अभिमान वाटला, जितका त्याच्या कुठल्याही तबकडीचा वाटला नव्हता.

मग शब्द आला, स्पष्ट आला.

"तारपोर?"

पुढे काय, असं विचारत होते. भालू हसला, आणि पुढे वाजवायला लागला.