बसून बोल

वाडीत फोन फक्त आमच्याकडे होता. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी शेजारचा महिपत आमच्या पडवीत येऊन थांबायचा.

फौजेत असताना गाडी उलटून त्याची कंबर मोडली. तेव्हा दिलेल्या गोळ्या अफूच्या जातीच्या. दुखणं कमी झालं, गोळ्या सुटल्या नाहीत. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी, तेही फौजेतलेच, ती सवय सोडवायला दुसरं औषध सुरू केलं. पण तसल्या कमरेने दर आठवड्याला एसटीने पुण्याला कोण जाणार? मग ते फोनवरच विचारपूस करू लागले. औषधाची डबी महिपतच्या बायकोकडे, दर्शनाकडे. ताकीद एकच होती. त्यावरून बाजारातली ती जुनी गोळी घेतली, तर झोपेत श्वास बंद पडेल.

घंटी वाजली की महिपत आत येऊन फोन उचलायचा आणि पाय जुळवून ताठ उभा राहायचा.

"जी सर. सब ठीक, सर."

कपाळावर घाम, पण आवाज कडक. डॉक्टरांना पोचायचा तो आवाजच.

"साहेबापुढं कोण रडगाणं गातो, काकी?" तो मला म्हणायचा.

"साहेब कसला? डॉक्टर हाय तो. सलाम ठोकून ताप उतरतो काय रे?"



एका गुरुवारी दर्शना त्याच्या मागोमाग आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकी, रात्रभर ह्यांच्या नाकाशी हात धरून बसले मी. खिशात गोळ्यांची पुडी हाय. डॉक्टरांना सांगितलं तर हे माझं तोंड बघायचे नायत."

तेवढ्यात फोन आला.

"सब ठीक, सर."

"शाबास!" डॉक्टरांचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "मग उद्यापासून औषध थोडं कमी करू."

महिपतचा चेहरा उतरला. तरी म्हणाला, "जी सर."

दर्शनाने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. मला वाटलं, आता पुडीचं सांगते.

"साहेब, हे उभे आहेत," ती म्हणाली. "ह्यांना बसायला सांगा." आणि फोन परत त्याच्या हातात दिला.

पलीकडून आवाज आला, "महिपत, बसून बोल."

हुकूम तो हुकूम. मी स्टूल पुढे सरकवलं. तो बसला आणि त्याची पाठ वाकली. मग खिशातली पुडी काढून त्याने दर्शनाच्या हातावर ठेवली.

"ठीक नाय, सर," तो म्हणाला. "काल दोन घेतल्या."

आम्ही दोघी दार लोटून पडवीत येऊन बसलो. दिवेलागण झाली तरी आत त्याचं बोलणं चालूच होतं.

पुढच्या गुरुवारी स्टूल मी आधीच फोनपाशी मांडून ठेवलं.