नासिरसरांचा हयातीचा दाखला

"तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेल्या नोव्हेंबरात एका मेलेल्या माणसाने आपण हयात असल्याचा दाखला दिला, आणि तोही रीतसर सिद्ध करून. हसा. हसून झालं की बिस्किटं इकडे सरकवा."

नासिरसरांच्या स्मृतिव्याख्यानानंतर गणित विभागातच चहा होता. व्याख्यान इतकं रटाळ झालं की पंखासुद्धा मध्येच थांबला. बाहेरगावची चार मास्तरमंडळी माझ्याभोवती बसली होती. शेजारी सरोजिनीबाई, विभागाच्या माजी प्रमुख. खिडकीशी कप धरून नाजिमा उभी होती. नासिरसरांची मुलगी, वाघोलीच्या एका कॉलेजात गणित शिकवते. मी निवृत्त मास्तर, ऐकणारी माणसं दिसली की सुटतो. सुटलो.

पूर्वी प्रत्येक कॉलेजच्या गणित विभागाची वेबसाइट म्हणजे एकेक भुयार होतं. कुठे अभ्यासक्रम गॅदरिंगच्या फोटोंमध्ये, कुठे प्रश्नपत्रिका प्राचार्यांच्या मनोगताखाली. धायरीचा एक पोरगा पहिल्या वर्षाला टिपणं शोधत आत शिरला, तो बाहेर आला तेव्हा त्याचं लग्न ठरलं होतं.

"बापूराव, मागच्या वेळी तो नुसता पदवीधर झाला होता," सरोजिनीबाई म्हणाल्या.

आमच्या विभागाची तऱ्हा आणखी निराळी. नासिरसरांनी अनंत श्रेणींवरची सगळी टिपणं हाताने लिहून, स्कॅन करून चढवली होती. पण साइट बनवणाऱ्याकडे रिकामं पान एकच उरलं होतं, क्रीडा विभागाचं. तिथेच ती गेली. पुण्यातल्या पोरांना हे तोंडपाठ होतं: श्रेणी अडली की 'क्रीडा' उघडायचं. बाहेरच्याला मात्र ती जन्मात सापडली नसती.

म्हणून विद्यापीठाने समिती नेमली. सगळ्या गणित विभागांना एकच साचा. कुठल्याही कॉलेजची साइट उघडा, शिक्षकाच्या नावावर बोट ठेवा, त्याची टिपणं त्याच्या नावाखाली. काम चांगलं होतं, मी स्वतः समितीत होतो. मेख एवढीच, की टिपणं नावाला टांगलेली. नाव गेलं की टिपणं गेली.

आणि नासिरसर तर नोकरीत असतानाच वारलेले.

नाजिमा बैठकीला आली. "अब्बांचं पान तेवढं राहू द्या," म्हणाली.

विभागप्रमुख श्रीनिवास पडद्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, साच्यात दोनच खाने आहेत. कार्यरत आणि निवृत्त."

"आणि वारलेले?"

"ते पुढच्या टप्प्यात."

"प्रती आहेत ना तुझ्याकडे?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"आहेत. पण कपाटात ठेवून काय करू, बाई? तिथे असल्या की कुणी ना कुणी वाचतं. परवा कुठल्याशा मुलीने अब्बांच्या मेलवर लिहिलं होतं, 'सर, तिसरी पायरी कळली नाही.' अजून त्यांना सर म्हणतात. एवढंच राहिलंय."

मग श्रीनिवासने सरांना गुपचूप 'निवृत्त'मध्ये टाकलं. सरोजिनीबाई म्हणाल्या, "ठीक आहे. मरण ही निवृत्तीच, पेन्शन तेवढी घरच्यांना."

आता खरी गोष्ट. निवृत्तांची माहिती शिळी होते. मग करायचं काय? समितीत निम्मे पेन्शनर. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन 'मी जिवंत आहे' असं सांगणारी माणसं. त्यांना जे सुचायचं तेच सुचलं. दर नोव्हेंबरात प्रत्येक निवृत्ताला मेल जाणार: आपण हयात आहात काय? होय किंवा नाही. 'नाही' आलं किंवा उत्तरच आलं नाही, तर महिनाअखेर नाव साफ. ठराव एकमताने झाला. 'नाही' कोण दाबणार, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. नासिरसर आठवले ते सभा उठल्यावर, जिन्यात. श्रीनिवास म्हणाला, आता साचा बदलता येत नाही.

"मग?" बाहेरगावचा एक मास्तर पुढे सरकला.

मग नोव्हेंबर आला. सरांनाही मेल गेला. महिना सरत आला, उत्तर नाही. आणि शेवटच्या दुपारी, मी इथेच या खुर्चीत बसलेलो, सरांच्या पत्त्यावरून उत्तर आलं! नुसतं 'होय' नाही. हाताने लिहिलेलं, ते उजवीकडे कललेलं अक्षर. 'समजा, मी हयात नाही. मग हे उत्तर कोण लिहितो आहे? ही विसंगती. म्हणून मी हयात आहे.' आणि शेवटी, सिद्धता संपल्यावर सर काढायचे तो लहानसा चौकोन.

"यंत्राने ते मान्य केलं?"

न करून सांगतंय कुणाला! तर्कात चूक दाखवा ना. पान शाबूत आहे. आता तर हैदराबादची पोरंसुद्धा वाचतात. कळलं नाही तर विचारतात, आणि नोव्हेंबर आला की सर उत्तरं देतील.

मास्तरमंडळी हसली. सरोजिनीबाई हसल्या नाहीत. त्या खिडकीकडे बघत होत्या. मी इतका वेळ तिकडे बघायचं टाळलं होतं.

नाजिमाने कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. चहा तसाच होता, वर साय धरलेली.

"बापूकाका, खोटं आहे हे."

"अगं, गोष्ट आहे..."

"ते खातं माझ्या फोनवर आहे. मेल मला आला. मी रोज उघडायचे, 'होय'वर अंगठा न्यायचे. आपण हयात आहात काय, असं अब्बांना विचारलेलं, आणि खाली उत्तर देणार मी. यंदा 'होय' म्हटलं तर पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. दर वर्षी त्यांच्या नावाने मीच." तिने पदराने हात पुसले, कोरडेच होते. "मी 'नाही' दाबलं, काका. पान नाहीये तिथे. मीच घालवलं."