शोकेसमधला रायटर

बाईंचा घसा आणि घरातला कॉम्प्युटर एकाच सुमाराला बिघडले, आणि चावीकाकांच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी भुंगा लागला.

बाई म्हणजे काकांची बायको. आयुष्य बालवाडीत गेलं, त्यामुळे गल्लीतली लहानथोर सगळी त्यांना बाईच म्हणत. चारचौघांत काकाही तेच म्हणायचे. बाईंच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं की जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणजे आवाज कायमचा जाईल. घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, लेकीच्या पोटात बाळ आहे. त्याला माझ्या गोष्टी कोण सांगणार?"

त्या दिवसापासून घरात रेकॉर्डिंग सुरू झालं. जावयाने देऊन ठेवलेला जुना कॉम्प्युटर, त्याला साधासा माइक, खिडक्या बंद, पंखाही बंद. घाम पुसत पुसत बाई सिंहाचा आवाज काढायच्या, सशाचा काढायच्या, मध्येच स्वतःचंच हसू फुटलं तर तेही तसंच ठेवायच्या. सुरुवातीच्या गोष्टींत आवाज नितळ होता. पुढे तो खरखरायला लागला, आणि शेवटच्या काही गोष्टींत तर सिंह आणि ससा सारखेच घोगरे झाले. पहिल्या गोष्टी आता पुन्हा तशा होणार नव्हत्या, हे दोघांनाही कळत होतं. जे काही होतं ते टेबलाखालच्या त्या डब्यात होतं.

आणि एका सकाळी डब्यातून आवाज आला. कट्. थोडं थांबून पुन्हा कट्.

काकांचं गल्लीच्या तोंडाशी कुलूप-किल्ल्यांचं दुकान. बंद कुलपाला कान लावून आतला खटका कुठे अडतोय ते सांगणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्यांचा स्वतःचा हातभार काही कमी नव्हता. हा आवाज त्यांना अजिबात आवडला नाही. मनात पाल चुकचुकली.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने थोडा वेळ ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"काका, हार्ड डिस्क चाललीय. आज जाईल की सहा महिन्यांनी, कुणी सांगू शकत नाही. डीव्हीडी रायटर बसवून घ्या आणि महत्त्वाचं असेल ते सगळं डिस्कवर उतरवा. उगाच दिवस घालवू नका."

"कुठला घेऊ?"

"कुठल्याही चांगल्या कंपनीचा. फक्त पॅकबंद घ्या, म्हणजे झालं."

काका मोठ्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने त्यांच्यापुढे खोक्यांची रांग लावली. आत बसवायचा, बाहेर ठेवायचा, रुंद पट्टीच्या केबलचा, बारीक केबलचा, सोळा पट वेगाचा, वीस पट वेगाचा.

"मला काय शर्यत लावायचीय का गं?" काका म्हणाले. "टिकेल असा दे."

तिने हसून एक खोकं फोडलं, तारा जोडल्या आणि बटण दाबलं. ट्रे खडखडत बाहेर आला. काकांनी त्याला बोटाने हळूच हलवून पाहिलं आणि मान हलवली. "हा खुळखुळा आहे. दुसरा दाखव."

दुसराही तसाच निघाला. मग त्यांची नजर शोकेसमध्ये मांडून ठेवलेल्या रायटरवर गेली. तो चालू मशीनला जोडलेला होता. त्याचा ट्रे आवाज न करता बाहेर यायचा आणि आत जाताना टप् असा मऊ बंद व्हायचा. काकांनी पुन्हा पुन्हा बटण दाबलं. चेहरा खुलला.

"हा बघ. ह्याचा हात बसलाय."

"काका, तो डेमोचा आहे. सारखी उघडझाप होऊन सैल झालाय. शिवाय साफसफाईत एकदा खाली पडला होता."

"पडून चालतोय म्हणजे दणकट आहे की!"

कुलपाच्या बाबतीत हे खरंही असेल. पण काकांची एक खोड होती. एखाद्या वस्तूला त्यांचा हात लागला आणि ती हाताला बरी वाटली, की जगातल्या सगळ्या वस्तू कुलपाच्याच जातीच्या ठरायच्या. त्या मुलीने आपल्या परीने सांगून पाहिलं. ह्यात आत एक बारीक भिंग असतं, ते कुठे हललं असेल तर बाहेरून दिसत नाही. काका ऐकत होते आणि ट्रे आतबाहेर करत होते.

"बरं, घ्या," शेवटी ती म्हणाली. "गॅरंटी देते. पण एक करा. लिहिलेली डिस्क दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर लावून बघा."

"बघतो, बघतो," काका म्हणाले आणि रायटर बगलेत मारून निघाले.

मेकॅनिकने तो बसवून दिला. त्याच दुपारी पहिली डिस्क तयार झाली. काकांनी ती बाहेर काढली, फुंकर मारली, परत आत घातली आणि बाईंना हाक मारली. सिंहाची डरकाळी खोलीभर घुमली, मग बाईंचं हसू. बाई स्वतःचा जुना आवाज ऐकत दाराला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"दुसरीकडे लावून बघितलीत का?" त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "शेजारी आहे ना मशीन."

"अगं, किल्ली आपल्या कुलपात फिरली की झालं. ती शेजारच्या कुलपात फिरवून बघतात का कधी?"

बाई हसल्या. काकाही हसले. आपण फार हुशारीचं बोललो असं त्यांना वाटलं, आणि विषय तिथेच संपला.

काकांच्या धंद्यात एक शिस्त होती. नवी किल्ली कुलपात नीट फिरली की जुनी झिजलेली किल्ली ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पकडीत धरून मोडायचे. फालतू किल्ली कुठेतरी पडून राहणं म्हणजे चोराची सोय, असं ते नेहमी सांगत. सवयीचा माणूस तो, इथेही त्याने तेच केलं. एक डिस्क लिहायची, त्याच रायटरमध्ये लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, आणि नीट वाजली की ती गोष्ट कॉम्प्युटरमधून पुसून टाकायची. पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यातूनही पुसायची. आजारी यंत्रावरचं ओझं तेवढंच कमी, असंही त्यांनी मनाशी धरलं होतं. लेकीसाठी एक संच, घरासाठी एक संच, अशा प्रत्येक गोष्टीच्या दोन-दोन डिस्क बनवल्या. पाकिटांवर बाईंनी सुंदर अक्षरात गोष्टींची नावं लिहिली. बाळ आलं की स्वतःच्या हातांनी नेऊन द्यायच्या, असं ठरलं.

ऑपरेशन झालं. बाई वाचल्या. गळ्याशी एक भोक राहिलं, त्यावर पांढरा रुमाल आला, आणि हातात बालवाडीतली पाटी आली. बाई दवाखान्यात असतानाच हार्ड डिस्कने मान टाकली. मेकॅनिकने नवी बसवली आणि जुनी घेऊन गेला. काकांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "वेळेवर काढलं सगळं," ते भेटेल त्याला सांगत सुटले.

बाई घरी आल्या, आणि थोड्याच दिवसांत रायटर हट्टाला पेटला. ट्रे अर्धा बाहेर येऊन अडायचा. गॅरंटी होतीच. काका त्याला घेऊन दुकानात गेले तर त्या मुलीने एका शब्दाने वाद न घालता नवा, पॅकबंद, चांगल्या कंपनीचा हातात ठेवला. आपण किती चोख व्यवहार केला, ह्या आनंदात काका घरी आले. मेकॅनिकने तोही बसवला.

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. मुलगी झाली होती. बाई रडल्या, हसल्या, दोन्हीचा आवाज नव्हता. मग त्यांनी पाटीवर लिहिलं, 'नेण्याआधी एकदा मला ऐकवा.'

काकांनी पहिली डिस्क लावली. यंत्राने घरघर केली आणि पडद्यावर सूचना आली, डिस्क घाला.

"घातलीय की रे," काका म्हणाले. त्यांनी ती काढली, पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तीच सूचना. दुसरी लावली, तिसरी लावली, लेकीसाठीचा संचही लावून बघितला. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. बाई मागे खुर्चीत बसून वाट बघत होत्या.

"यंत्र नवं आहे ना, जरा अडतंय," ते मागे न बघता म्हणाले. "डिस्क दाखवून आणतो." सगळी पाकिटं पिशवीत भरून ते बाहेर पडले.

मेकॅनिकने त्याच्याकडची सगळी मशीनं पालथी घातली. कुठेच काही लागलं नाही. त्याने एक डिस्क उजेडात धरली, तिच्यावरच्या कड्या बघितल्या आणि विचारलं, "जुना रायटर कुठाय?"

"बदलून घेतला."

मेकॅनिकने डिस्क परत पाकिटात घातली. "काका, त्याचं भिंग सरकलेलं असणार. तो लिहायचाही वाकडं आणि वाचायचाही वाकडं. त्याचं अक्षर त्यालाच लागायचं. मशीनवर मूळ गोष्टी होत्या ना? जुनी हार्ड डिस्क तर मी तेव्हाच भंगारात दिली..."

"मी पुसल्या होत्या," काका म्हणाले. "एकेक करून पुसल्या."

ते तिथून तसेच धावत दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीला आधी काही समजेना. समजलं तेव्हा तिचा चेहरा पडला. परत आलेला माल कंपनीची गाडी घेऊन जाते आणि तिकडे त्याचा चुरा करतात, असं ती हळू आवाजात म्हणाली. तरी तिने त्यांच्यासमोर फोन लावला, बराच वेळ बोलली आणि शेवटी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या मशीनवर लावून पाहिली होती का, हे तिने विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर काकांना बरं वाटलं असतं.

परत येताना त्यांनी थापा जुळवल्या. डिस्क दुरुस्तीला ठेवून घेतल्यात, चार दिवस लागतील, जावई बघेल. ते गल्लीच्या तोंडाशी आले. स्वतःच्या दुकानाचं बंद शटर दिसलं आणि त्यांना त्याच्याकडे बघवेना.

बाई दारातच होत्या. पाटीवर आधीच लिहून ठेवलेलं होतं, 'लागली का?'

"लागली नाही," काका म्हणाले. जुळवलेलं सगळं कुठच्या कुठे गेलं होतं. "एकही लागणार नाही. तो रायटर मी बदलला, आणि बाकीचं सगळं आधीच पुसून टाकलं होतं. तू सांगत होतीस, ती पोरगी सांगत होती. मीच घालवला गं तुझा आवाज."

बाईंनी पाटी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला की नाही ते काकांना कळलं नाही, कारण त्यांना वर बघण्याचा धीर होत नव्हता. मग बाईंनी त्यांचा हात धरला, आणि इतक्या वर्षांची सवय, 'अहो' म्हणायला तोंड उघडलं. रुमालाआडून नुसती हवा आली.

काकांनी तो शब्द मनातल्या मनात ऐकून पाहिला. आला तो शेवटचा, घोगरा आवाज होता. त्याआधीचा कसा होता, ते त्यांना आठवेना.