काका, थांबा, आलेच मी!

मित्रांनो, मी एक जुना बाहुला आहे. खेळण्यातला नव्हे. छातीत फोम, हातापायांत वाळू, अंगावर नारिंगी ताडपत्री आणि वजन चांगल्या धडधाकट माणसाएवढं. सागरी बचाव पथकाच्या तळावर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मला शिवलं, डोळे रंगवले आणि गालावर थोपटून म्हणाल्या, "बुडू नकोस हं बाबा." दुसऱ्याच दिवशी मला बोटीवरून समुद्रात ढकललं.

तेच माझं काम होतं. शिकाऊ लष्करी वैमानिक हेलिकॉप्टर घेऊन माझ्या डोक्यावर थांबायचे, दोरावरून एक जवान उतरायचा आणि मला वर न्यायचा. बुडवणारेही तेच, वाचवणारेही तेच! पुढे त्याचीही सवय झाली.

एका वर्षी एक मुलगी आली. चणीने लहान, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. पाण्यावर हेलिकॉप्टर स्थिर ठेवणं तिला काही केल्या जमेना. लाटा सरकल्या की तीही सरकायची. दोरावरचा जवान हेलकावे खाऊन वर यायचा आणि कपाळाला हात लावायचा. दोनदा ती नापास झाली.

"आता शेवटची संधी," प्रशिक्षक म्हणाले. "नाहीतर कायमची कार्यालयात टेबलाशी बसशील. अगं, लाटा पळणारच. तू काकांकडे बघ ना!"

काका म्हणजे मी. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी गोदामात यायची. माझ्या अंगावरचं मीठ गोड्या पाण्याने धुवायची. मग माझ्यासमोर स्टुलावर बसून, झाडूचा दांडा हातात धरून हेलिकॉप्टर चालवायची. गोदामवाले मामा हसून लोटपोट व्हायचे. पण तिचा हात हळूहळू स्थिर झाला. पाण्यात मी दिसलो, की ती हेलिकॉप्टरच्या भोंग्यातून ओरडायची, "काका, थांबा, आलेच मी!" आणि यायचीच. माझा तिच्यावर जीव जडला.

परीक्षेचा दिवस उजाडला. समुद्र खवळलेला होता, पण हेलिकॉप्टर माझ्यावर खिळल्यासारखं थांबलं. जवान माझ्या हातभर अंतरावर आला. तेवढ्यात दूर एक होडी उलटल्याची खबर आली. जवानाला झटकन वर खेचलं. भोंगा ओरडला, "काका, थांबा, आलेच मी!"

तिने दोन माणसांना जिवंत वर काढलं. परीक्षा तिथेच पास झाली.

मी थांबलो. संध्याकाळी वारा पडला, समुद्र निवळला, तरी कुणी आलं नाही. कितीतरी दिवसांनी मी मच्छीमारांच्या जाळ्यात सापडलो. प्रेत समजून बिचाऱ्यांची बोबडी वळली. त्यांनीच मला तळावर पोहोचवलं. तोवर माझा एक हात फाटून वाळू सांडून गेली होती. मामांनी मला खुंटीला टांगलं.

बऱ्याच काळाने ती गोदामात आली. छातीवर वैमानिकाचं पदक, मागे तिचे शिकाऊ विद्यार्थी.

"मॅडम, या काकांना ओळखलंत का?" मामांनी विचारलं. "तेव्हा शोधायला कुणी गेलंच नाही हो."

"अहो मामा, बाहुलाच तर होता," ती हसून म्हणाली. "नवा कुठे ठेवलाय?"

ती नवा घेऊन गेली. थोड्या वेळाने समुद्रावरून तोच आवाज आला, "काका, थांबा, आलेच मी!"

मित्रांनो, ती मला सोडून गेली, याचा राग नाही. त्या दोघांचा जीव माझ्यापेक्षा मोलाचा होता. पण ती मला न्यायला परत आली नाही, आणि माझं नावही दुसऱ्याला देऊन टाकलं, हे मात्र मनाला लागलं. म्हणून सांगतो, कुणाला 'थांब, आलोच' म्हणालात, तर उशिरा का होईना, पण जा. त्याला तोंड नसलं तरी जा. तो तुमच्या शब्दावर थांबलेला असतो.

मी अजून थांबलोच आहे.