एक डाव, मग अभ्यास

अजूनही लॅपटॉप हँग झाला की माझा हात आधी त्याच्या बुडाला जातो, आणि बाबांची आठवण येते.

बाबांचा कायदा होता: एक डाव, मग अभ्यास. हिमायतनगरला घरी दर रविवारी कॅरम व्हायचा. डाव संपला की बोर्ड भिंतीला आणि मी पुस्तकाला. २००७ साली मला क्लाससाठी लातूरला टाकलं, तरी कायदा सुटला नाही. होस्टेलच्या फोनवर दोनच मिनिटं मिळायची, तीही रेक्टरबाई शेजारी उभ्या असताना. म्हणून बाबा रविवारी एसटीनं नांदेडला जाऊन तिथल्या नेट कॅफेत बसायचे, मी लातूरच्या जिलानीचाचांच्या कॅफेत, आणि चार वाजता आम्ही ब्राउझरमध्ये कॅरम खेळायचो. त्या डावाच्या आशेवर मी आख्खा आठवडा ढकलायची.

आणि तो मेला डाव कधी पुरा व्हायचा नाही. क्वीनला नेम धरावा, की ब्राउझर हँग. हँग झालेला डाव धरायचा नाही, नव्यानं मांडायचा, असं बाबांनीच ठरवलं होतं. मांडामांडीतच त्यांच्या साडेपाचच्या गाडीची वेळ व्हायची. चाचांनी सगळे उपाय केले. बाकीच्या विंडो बंद केल्या, हिस्ट्री पुसली, ब्राउझर काढून नवा टाकला, रॅमसुद्धा बदलली. एकदा चिडून मी सीपीयूवर हात आपटला, तर चटकाच बसला.

म्हणजे दोष नेटचा नव्हता, कॅफेवरच्या तापलेल्या पत्र्याचा होता. त्यात एप्रिलचं ऊन.

"चाचा, समोरच्यांनी स्लॅब टाकला. तुम्ही का न्हाई टाकत?" मी फणकारले.

"त्र्याण्णवच्या भूकंपात अम्मी मातीच्या माळवदाखाली गेली, बेटा," चाचा म्हणाले. "डोक्यावर जड काही ठेवायचं न्हाई, कसम हाय माझी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी चाचांनी तीन वाजताच शिडी लावली, पत्र्यावर गोणपाटं अंथरली आणि बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं. सीपीयूचं झाकण काढून समोर टेबलफॅन ठेवला. "आता बघू कसा हँग होतो!"

झालाच नाही. क्वीन मी घेतली, कव्हरही केली. चार वीसला माझी एकच सोंगटी उरली, तीही पॉकेटच्या तोंडाशी. पाळी बाबांची होती.

बाबा खेळेनात. त्यांच्या नावापुढचा हिरवा ठिपका तर चालू होता. एवढ्यात कॅफेचा फोन वाजला.

"बाई, इकडं हँग झालंय बघ," बाबा म्हणाले.

"पण बाबा, माझ्याकडं तर..."

तेवढ्यात पलीकडून तिथल्या कॅफेवाल्याचा आवाज आला, "काका, चालूच हाय की तुमचं!" मग आवाज एकदम दबला; बाबांनी फोनवर हात दाबला असावा.

डाव संपला असता तर मी अभ्यासाला गेले असते आणि बाबा वीस मिनिटांसाठी आलेले परत निघाले असते. एवढे महिने मी ज्या हँगला शिव्या घातल्या, त्यानंच आम्हाला साडेपाचपर्यंत जवळ बसवलं होतं. हे बाबांना आधीच कळलं होतं. मला रडू आवरेना.

चाचा भिजल्या सदऱ्यानं मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनकडे बोट करून म्हणाले, "चल तो रा है ना, बेटा!"

मी त्यांना हातानंच गप्प केलं.

"हाव बाबा," मी फोनवर म्हणाले, "इकडं बी हँगच हाय. नवा डाव लावा."