बॉयलरवाल्याचा काढा

"अहो, तास होत आला. काढा करताय की धुणं उकळताय?" आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला. अंगात एकशे दोन ताप होता, पण जिभेला काही झालं नव्हतं.

बॉयलरवाला गॅसपाशी हाताची घडी घालून उभा होता. एका इस्पितळाच्या धुलाईघरात तो एकतीस वर्षं बॉयलर सांभाळत होता. वाफ वाया गेलेली त्याला बघवत नसे. म्हणून गवती चहा, आलं आणि पुदिना घातलेल्या पातेल्यावर त्याने झाकण गच्च बसवलं होतं आणि वर वजनाला खलबत्ता ठेवला होता.

"तीन कपांचा एक कप होतच नाहीये," तो दारात येऊन म्हणाला.

"झाकण ठेवलंय का?"

"म्हणजे काय! कणभर वाफ बाहेर जात नाही."

बायको हसायला गेली आणि तिला खोकल्याची उबळ आली. "मग पाणी आटेल कसं? देवा, कुणाच्या हाती सोपवलंस मला!"

एरवी गल्लीतल्या निम्म्या पोरांचे ताप हीच उतरवायची. काढा, कपाळावर ओल्या पट्ट्या, घोटघोट पाणी. पण तिचा दंडक होता: दोन दिवस माझे, तिसरा डॉक्टरचा. शेजारणींनी कितीही गयावया केली तरी तिसऱ्या सकाळी ती पातेलं चढवत नसे, सरळ दवाखान्यात पिटाळत असे. आता तीच आडवी झाली होती आणि बॉयलरवाल्याने कामावर करायचा तसा कागद आखून भिंतीला लावला होता. वेळ, ताप, पाणी, काढा.

"मी काय बॉयलर आहे?" तिने विचारलं.

"बॉयलर एवढी बडबड करत नाही."

तिसऱ्या सकाळी पारा एकशे तीनवर गेला. खोकताना ती बरगड्या धरत होती.

"आजचा दिवस बघू," ती म्हणाली. "आलं जरा जास्त घाला."

घरात तिचा शब्द शेवटचा, आणि त्याला ते सोयीचंच होतं. पण आज तो मनातून घाबरला होता. बॉयलरचा काटा लाल रेघेवर गेला की काय करायचं हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. इथे मात्र फिरवायला कुठली झडप नव्हती. ही गेली तर, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो ताडकन उठला.

"चपला घाल."

"अहो, पण..."

"नियम तुझाच आहे. लोकांच्या पोरांना एक आणि तुला एक, हे चालायचं नाही!"

एवढ्या वर्षांत त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. ती उठली आणि पायाने चपला चाचपू लागली.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, भिंतीवरून काढून आणलेला कागद वाचला. "संध्याकाळी चढतोय रोज. न्यूमोनियाची सुरुवात आहे. वेळेवर आणलंत."

"आणि काढा?" त्याने चोरट्यासारखं विचारलं.

"घशाला बरं वाटत असेल तर द्या की. पण त्याने हा ताप जायचा नाही. गोळी एकही चुकवायची नाही."

गोळ्या सुरू होऊन तीन दिवस झाले. दुपारी त्याने थर्मामीटर उजेडात धरला, झटकला, पुन्हा लावायला दिला. दोन्ही वेळा साडेअठ्ठ्याण्णव.

"उतरला!" त्याचे डोळे भरून आले. ते लपवायला तो कागदाकडे वळला.

"लिहाल नंतर. इतके दिवस आकडेच बघताय. मला विचारा की."

तो मागे वळला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. डबा झाला का, किल्ली कुठे आहे, हे सगळं तो रोज विचारत आला होता.

"कशी आहेस?" अनोळखी माणसाला पत्ता विचारावा तसं त्याने विचारलं.

"बरी आहे," ती सवयीने म्हणाली. मग तिने पायांवरचं पांघरूण बाजूला सारलं. "खरं सांगू? गुडघे दुखतात. दोन वर्षं झाली."

तो स्वयंपाकघरात गेला. चहाचं आधण ठेवलं होतं, त्याखालचा गॅस त्याने बंद केला. स्टूल उचलून आणलं आणि तिच्या पलंगाला लावून बसला.

"कुठला जास्त?" त्याने विचारलं.